तार गंधाराचा मानापमान

गणपतीच्या दिवसांत आरतीची पट्टी कोण ठरवतं, याचा शोध अजून लागलेला नाही. ज्याच्या हातात तबक असतं तो ठरवत नाही. ज्याला गाता येतं तो तर नाहीच नाही, तो बिचारा मागे झांजांची जोडी शोधत असतो. पट्टी ठरते ती पहिल्या उत्साही कंठातून, आणि ती बहुधा त्या कंठाच्या कुवतीपेक्षा दोन सूर वर असते. गणपतीच्या आरतीपर्यंत निभून जातं, कारण चाल आटोपशीर आहे. खरी परीक्षा 'येई हो विठ्ठले'ला. सूर वर नेऊन तिथे ताणून धरायची वेळ आली की मंडळींत फूट पडते. निम्मे लोक खालच्या सप्तकात उडी टाकून जीव वाचवतात, काही जण तोंड उघडं ठेवून टाळ्यांचा जोर वाढवतात. एखादे काका मात्र माघार घेत नाहीत. छातीतला भरदार आवाज ते तसाच्या तसा वर रेटतात आणि मधल्याच एका सुरावर तो फाटतो. क्षणभर काकांच्या आतून तेरा-चौदा वर्षांचं कुणीतरी ओरडल्याचा भास होतो. मग काका खोकतात. हा खोकला कफाचा नसतो, खुलाशाचा असतो. माझं म्हणणं असं की हा खुलासा चुकीच्या खात्यावर मांडला जातो. दोष घशाचा नसतोच. खालचा जड आवाज आणि वरचा हलका आवाज यांच्यामध्ये एक सांधा प्रत्येकाच्या गळ्यात असतो, काकांच्या आणि लताबाईंच्याही. तो ऐकू येतो की नाही, हे गळ्याच्या जातीवर थोडं आणि गाणाऱ्याच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांवर पुष्कळ अवलंबून असतं. जड आवाज वेळेवर सोडायला जो तयार असतो त्याचा सांधा कळत नाही, आणि जो शेवटच्या सुरापर्यंत हट्टाने धरून बसतो त्याचा सगळ्या आळीला कळतो.

आधी आतली व्यवस्था पाहू. पुरुषाचे स्वरतंतू लांबीला फार तर दोन-अडीच सेंटिमीटर, बाईचे त्याहून आखूड. साध्या बोलण्यात पुरुषाचे तंतू सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे दोनशेच्या आसपास. एवढ्याशा जागेत दोन स्नायूंचा संसार चालतो. एक तंतूंच्या आतच असतो. तो आवळला की तंतू आखूड आणि जाड होतात, सबंध जाडीनिशी हलतात, आणि ज्याला आपण छातीचा आवाज म्हणतो तो निघतो. दुसरा बाहेरच्या बाजूने स्वरयंत्राच्या कूर्चा कलवतो. त्यामुळे तंतू ताणले जाऊन पातळ होतात, नुसत्या कडा हलतात, आणि वरचा हलका आवाज येतो. हे दुकान बापलेकाचं आहे असं समजा. खालच्या सप्तकात बाप गल्ल्यावर आणि मुलगा मागे पोती मोजतोय. सूर जसजसा चढेल तसतशी बापाने एकेक किल्ली मुलाच्या हाती द्यावी, काही काळ दोघांनीही गल्ल्यापाशी बसावं, आणि धंदा कधी कुणाचा झाला हे गिऱ्हाइकाला कळूही नये, अशी ही रीत. पण बाप ऐकत नाही. 'मी आहे अजून' म्हणत जुडगा कनवटीला लावून बसतो, ताण असह्य झाला की एकाएकी उठून चालता होतो, मुलगा तयारी नसताना गल्ल्यावर आदळतो आणि खुर्दा रस्त्यावर सांडतो. काकांच्या गळ्यातून सांडला तो हा खुर्दा. या दोघांना मेंदूकडून येणाऱ्या तारासुद्धा वेगळ्या आहेत. त्यातली बापाची डावीकडची तार गळ्याजवळून सरळ छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग परत गळ्यात चढते. निरोपाच्या वेगापुढे हा वळसा किरकोळ आहे हे खरं, पण त्यावरून स्वभाव कळतो.

किल्ल्या देण्याघेण्याचा हा मुलूख नेमका कुठे येतो, याचाही हिशेब मांडता येतो. साधारणपणे सेकंदाला ३०० ते ३५० कंपनांच्या पट्ट्यात अदलाबदलीची धुसफुस सुरू होते, आणि गंमत म्हणजे बाई असो की बुवा, मुलूख जवळपास तोच. आता हे पेटीवर बसवून बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ कंपनांच्या आसपास, तार षड्ज २७७ला, आणि तार गंधार बरोबर साडेतीनशेला टेकलेला. म्हणजे अंतऱ्यात संगीतकाराने जिथे सगळा जीव ओतलेला असतो, नेमकी ती जागा. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा षड्ज २०८च्या आसपास, त्यामुळे तिला हेच संकट मधल्या सप्तकात पंचम-धैवतापाशी भेटतं. पुरुषाची त्याच्याशी गाठ गाण्यात दोन-चारदा पडते, बाईची ओळीओळीला. रोजच्या त्रासाची माणसाला सवय होते, तशी ती बायकांना झालेली असते. कुणी लहानपणापासून नकळत ती जागा घोटून गुळगुळीत केलेली असते, कुणी छातीचाच आवाज पुढे रेटायची युक्ती बसवलेली असते. पुरुषाला मात्र अंतरा येईपर्यंत आपल्या गळ्यात असा काही सांधा आहे याचीच खबर नसते. मुखडा मनासारखा गेलेला, समोरच्या रांगेत विहीणबाई बसलेल्या, आणि वर तार गंधार वाट पाहत उभा. अपमान पुरुषांचा जास्त होतो आणि जाहीर होतो, याचं कारण हे.

याचा पुरावा हवा असेल तर रविवारी संध्याकाळी कुठल्याही शहरात कराओकेच्या कार्यक्रमाला जाऊन बसावं. प्रवेश विनामूल्य असतो, कारण श्रोत्यांमधले बहुतेक जण पुढच्या गाण्याचे गायक असतात. मंचावर साठी ओलांडलेले, सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेले गृहस्थ. समोर स्टँडवर टॅब, गाणं रफीचं, आणि 'स्केल ओरिजिनल आहे बरं का' असं निवेदिकेने आवर्जून सांगितलेलं. या वाक्याला टाळ्या पडतात, अजून एकही सूर लागलेला नसतो तरी. मुखडा झकास जातो. अंतऱ्याच्या दोन ओळी आधीपासून मात्र बघत राहावं. प्रथम हनुवटी वर जाते. मग मान लांब होते. भुवया केसांच्या उरलेल्या सीमेपर्यंत पोचतात, डोळे मिटतात, कपाळावरची शीर उगवते, डावा हात छताकडे जातो आणि माइक हळूहळू तोंडापासून दूर व्हायला लागतो. शेवटी टाचा उचलल्या जातात. म्हणजे आवाज सोडून बाकी सगळा माणूस तार गंधारापर्यंत पोचलेला असतो.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. नोकरी हिशेब खात्याच्या प्रमुखाची, आणि ग्रंथ लिहिला 'संगीतरत्नाकर'. हिशेबनिसाची मोजदादीची सवय ग्रंथातही सुटली नाही. निंद्य गायकांचे प्रकार त्यांनी मोजून २५ दिले आहेत. उंटासारखी मान उंच करून गाणारा तो करभ. शिरा फुगवणारा झोंबक. डोळे मिटून गाणारा निमीलक. हातपाय पसरणारा प्रसारी. जबडा भयानक वासणारा कराली, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी, आणि ज्याच्या गळ्यातून कावळा बोलतो तो काकी. टॅब नाही, ट्रॅक नाही, आणि तरी या माणसाने आपली रविवारची संध्याकाळ साडेसातशेहून अधिक वर्षं आधी नोंदवून ठेवली. उचललेल्या टाचा तेवढ्या राहून गेल्या. त्याच यादीत स्थानभ्रष्ट असाही एक प्रकार आहे. मंद्राचं स्थान हृदयात, मध्याचं कंठात, ताराचं मस्तकात, आणि या तिन्हींत ज्याचं बस्तान बसत नाही तो स्थानभ्रष्ट. मला यादीतले हे शेजार अर्थपूर्ण वाटतात. करभ, झोंबक, कराली हे बहुतेक वेळा मूळ दोष नसून स्थानभ्रष्टतेवर पांघरूण घालायची धडपड असते. मान उंच केल्याने सूर उंच होत नाही. उलट स्वरयंत्राबाहेरचे स्नायू त्याला वर खेचून आवळतात आणि आतल्या दोघांना व्यवहार करायला जागाच उरत नाही. शरीराला कळलेलं असतं की किल्ल्या द्यायची वेळ आली आहे. गृहस्थांना ते मान्य नसतं, म्हणून भांडण शिरेपर्यंत येतं.

ही खोड आपल्याकडचीच समजून खजील व्हायचं कारण नाही. १७२३ साली इटलीत पिएर फ्रान्चेस्को टोसी या गायकाने गाण्याच्या शिक्षणावर पुस्तक छापलं. त्यात छातीचा आणि मस्तकाचा आवाज असा एकजीव करा की जोड कळता कामा नये, असं शिक्षकांना बजावलं आहे. टोसी हे त्या परंपरेतले, जिथे मुलाचा आवाज फुटूच नये म्हणून लहानपणी शस्त्रक्रिया केली जाई. एवढा अघोरी उपाय करूनही सांधा काही गेला नाही, त्याच्याबद्दल शिक्षकांना बजावावंच लागलं. पुढची शंभर वर्षं वरचे सूर हलक्या आवाजात घेणं यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. मग १८३७ साली पॅरिसच्या ऑपेरात जिल्बेर द्युप्रेने रोसिनीच्या 'गियोम तेल'मध्ये टेनरचा तो कुप्रसिद्ध उंच सूर, सेकंदाला ५००हून अधिक कंपनांचा, छातीच्या आवाजात फेकला. प्रेक्षक वेडे झाले. स्वतः रोसिनीला मान कापल्या जाणाऱ्या कोंबड्याची आठवण झाली म्हणतात. पण संगीतकाराला विचारतो कोण? तिकीट प्रेक्षकांनी काढलेलं असतं. त्या दिवसापासून वजन म्हणजे मर्दानगी आणि हलका सूर म्हणजे पळपुटेपणा असा हिशेब रूढ झाला. 'गियोम तेल'मधली टेनरची हीच भूमिका १८२९मध्ये पहिल्यांदा जुन्या पद्धतीने गाणारा आदोल्फ नूरी पॅरिस सोडून इटलीत गेला आणि तिथे नवी तऱ्हा शिकू लागला. नवी पुरती साधेना आणि जुन्यातली नजाकत जाऊ लागली. आजार आणि नैराश्य यांनी त्याला घेरलं, आणि १८३९ साली नेपल्समध्ये त्याने जीव दिला. इथे हसण्यासारखं काही नाही. एका टाळीची किंमत किती असू शकते, एवढ्यापुरतं ते नोंदवतो आणि पुढे जातो.

पुढे मान्युएल गार्सिया भेटतात, आणि त्यांच्यापाशी थोडं रेंगाळायला हरकत नाही. तरुणपणी स्वतःचा आवाज गमावलेला हा माणूस गाणं सोडून मास्तर झाला. जगाला बहुतेक चांगले मास्तर याच मार्गाने मिळतात. १८४१ साली स्वीडनची येनी लिंड थकलेला, चिरफाळलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे पॅरिसला आली. गार्सियांनी शिकवणी सुरू केली ती सहा आठवडे गाऊ नको आणि बोलूही जवळजवळ नको, या आज्ञेने. गाणं शिकायला इतक्या लांब यावं आणि मास्तरांनी गप्प बसवावं! आपल्याकडच्या पालकांनी दुसऱ्याच दिवशी क्लास बदलला असता. येनी लिंड गप्प बसली आणि पुढे युरोपभर गाजली. गार्सियांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध गेला, आणि गाण्याच्या मास्तराकडून वैद्यकाला एक उपकरण मिळालं. एकाच यंत्रणेतून निघणाऱ्या, एका जातीच्या सुरांची मालिका म्हणजे एक आवाज, दुसरी यंत्रणा सुरू झाली की दुसरा आवाज, ही विभागणी त्यांनी आधीच मांडलेली होती. म्हणजे भांडण चारित्र्याचं नसून यंत्रणेचं आहे हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे. स्वतः गार्सिया १०१ वर्षं जगले. आवाज लवकर गेलेल्या माणसाला देवाने वेळ मात्र भरपूर दिला.

इथे आपल्याकडचा जाणकार मांडी बदलतो. 'हे सगळं ऑपेरावाल्यांचं. आमच्याकडे खर्जाची मेहनत असते, खुला आकार असतो, आमच्या गाण्यात सांधाबिंधा काही नसतो.' जाणकाराबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो की सांधा आपल्याकडेही आहेच, फक्त ख्यालाने त्याची सोय इतकी शहाणपणाने केली आहे की ती सोय आहे हे विसरायला झालं. विलंबित ख्यालाची बढत पाहा. गवई षड्जाभोवती फिरतो, एकेक सूर घेतो, रिषभापाशी पाहुणचार करतो, मागे येतो, आणि तार षड्जाला हात लावेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. श्रोत्याला यात रागाचं दर्शन घडतं. गळ्याला घडते ती टप्प्याटप्प्याने होणारी वाटणी. तार षड्ज येईपर्यंत जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्या आधीच दिलेल्या असतात. किराणा घराण्यात ही बढत सुरासुराने जपली जाते. मिरजेत घर केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकाव्यात. आवाज मुळातच बारीक आणि टोकदार, वजनाचा दिमाख कुठेच नाही, आणि म्हणून वर जाताना टाकून द्यायला ओझंही नाही. याउलट सिनेमाचं गाणं मुखड्याच्या गुजगोष्टीतून उचलून एका ओळीत माणसाला तार मध्यमावर नेऊन ठेवतं. रफीसाहेबांना ते जमायचं म्हणून संगीतकार तसं करायचे. पुढे पन्नास वर्षांनी निवृत्त अधीक्षक अभियंता त्याच ओळीखाली सापडेल, हे त्यांच्या मनात कशाला येईल? राहिला खर्ज. खर्जाने तळ भक्कम होतो, त्याबद्दल वाद नाही. पण तळमजला कितीही भक्कम केला तरी जिना वेगळाच बांधावा लागतो. हा जिना कसा बांधायचा याचा विचार आपल्याकडेही झालेला आहे. बी. आर. देवधरांनी मुंबईत आवाजाच्या साधनेचं शास्त्र म्हणून त्याचा अभ्यास केला, अशोक रानड्यांनी त्यांच्याकडून घेऊन तो पुढे नेला. तरीही क्लासच्या पाटीवर गायन, हार्मोनियम, तबला असतं, आवाज नसतो. तो विद्यार्थ्याने घरून आणायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक खणखणीत आहे, आणि तो लावणीकडून येतो. सुलोचना चव्हाणांसारखी गायिका खड्या आवाजात थेट वर जायची, कुठे हलकं वगैरे केल्याचं ऐकू येत नाही. मग वजन सोडण्याचा हा उपदेश कशाला? आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण लक्ष देऊन ऐकलं तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. खड्या आवाजात धार असते, जडपणा नसतो. तोंडाचा आकार, शब्दाची फेक आणि स्वर उघडा-मिटा करण्याची हुशारी यांनी तो आवाज घुमतो आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचतो. तंतू मात्र वर जाताना आतून पातळ होतच असतात. ज्याला आपण जोर समजतो तो बहुतांशी नेम असतो. काकांची गफलत इथेच होते. ते आवाजाचा आकार मोठा ठेवायचं सोडून वस्तुमान मोठं ठेवतात, आणि वस्तुमान वर न्यायला किती कष्ट पडतात हे तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवणाऱ्या हमालाला विचारावं.

तिसरा आक्षेप रसिकांचा. सांधा झाकायचाच कशाला, त्यातच तर जान आहे! किशोरकुमारने आवाज मुद्दाम फोडून यॉडलिंग केलं आणि 'झुमरू'पासून 'अंदाज'पर्यंत लोकांनी डोक्यावर घेतलं. शोकाच्या ओळीत एखादा सूर तुटला की काळीज हलतं, तेही खरं. पण आल्प्समधले मेंढपाळ काय किंवा खांडव्याचा गांगुली काय, छातीतून मस्तकात आणि मस्तकातून छातीत एका मात्रेत कितीदा जायचं आणि नेमक्या कुठल्या सुरावर उतरायचं, हे त्यांचं पक्कं ठरलेलं असतं. दोन्ही यंत्रणांवर पुरती हुकमत असल्याशिवाय ती कसरत होत नाही. ज्याला सांधा हवा तेव्हा दाखवता येतो त्याला तो हवा तेव्हा झाकताही येतो. काकांचा सूर तुटतो तेव्हा काळीज हलतं हे मान्य करू, पण ते काकूंचं.

आणि मायक्रोफोन? त्याने हा प्रश्नच मोडीत निघायला हवा होता. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं तेव्हा पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पद पोचवायची जबाबदारी एकट्या फुप्फुसांची होती. पट्ट्या उंच, आवाज फेकायचा, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा गळा वयात आला की त्याचं बस्तानच उठायचं. भास्करबुवा बखल्यांवर हीच वेळ आली. आवाज फुटला, नाटक कंपनीतली वाट बंद झाली, आणि त्या निराशेतून ते उस्तादांच्या दाराशी गेले म्हणून महाराष्ट्राला एक थोर गवई मिळाला. प्रत्येक फुटलेल्या आवाजामागे एवढं नशीब नसतं. माइक आल्यावर कुजबुजसुद्धा बाल्कनीत पोचू लागली. वरचा सूर अलगद, कडेकडेने घ्यायला आता कुणाची ना नव्हती. या सवलतीचा आपण काय उपयोग केला? माइक हातात आला की आपण अधिक मोठ्याने गातो. 'हॅलो, चेक' म्हणतानाच छातीचा आवाज लागलेला असतो आणि तो मग उतरत नाही. पट्टी उतरवावी असं कुणी सुचवलं, तर तीही चांगली सूचना आहे, अर्धी. ट्रॅक दोन अर्धस्वर खाली घेतला तर गंधारावरची अडचण सरकून तीव्र मध्यमावर जाते. तिथे चाली कमी रेंगाळतात, म्हणून सुटका होते, पण सांधा तिथेही बसलेला असतोच. शिवाय अॅपमध्ये हा बदल 'उणे दोन' असा दिसतो. जन्मभर गोपनीय अहवालात 'उत्कृष्ट' शेरा मिळवलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने उणे दोन कसं दाबावं?

तेव्हा इलाज राहतो तो गळ्यालाच शिकवण्याचा. तो आहे, स्वस्त आहे आणि बहुतेकांना लागू पडतो. खालून वर ढकलत जायचं नाही. वरच्या सुरावर अगदी हलका 'ऊ' लावून खाली उतरत यायचं आणि तो हलकेपणा मधल्या सप्तकापर्यंत मोडू द्यायचा नाही. वर जाताना जिथे आवाज दचकतो तिथे काही करायला गेलं तर उशीर झालेला असतो, म्हणून तीन-चार सूर आधीच श्वासाचा जोर आणि आवाजाचं वजन कमी करायला लागायचं. उघडा 'आ' वर जाताना किंचित 'ऑ'कडे झुकू द्यायचा. खर्जापासून तारापर्यंत एकच लांब मींड, मध्ये पायरी न दाखवता, पुन्हा पुन्हा. ओठ मिटून फुर्र करत त्याच सुरांवरून फिरायचं. पेल्यात पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि बुडबुडे काढत गुणगुणायचं. मागे परतणारा दाब तंतूंना एकमेकांवर जोराने आपटू देत नाही, आणि आतले दोघे भांडण विसरून कामाला लागतात. यात अवघड काहीच नाही. अडचण वेगळीच आहे. यातला एकही प्रकार ऐकायला भारदस्त नाही. वजन सोडायला शिकायचं तर काही महिने आपण विदूषकासारखे ऐकू येणार, हे आधी कबूल करावं लागतं, आणि नेमकं तेच न करता यावं म्हणून तर माणूस टाचा उचलत असतो. खर्जाचा रियाज शेजाऱ्यांना ऐकू गेला तर ते 'पहाटे उठतात हो' म्हणून कौतुक करतात. फुर्र ऐकू गेलं तर लहान मुलं खिडकीशी जमतात. घरात करावं तर बाहेरून 'गीझर बिघडला का?' अशी विचारणा होते. म्हणून ज्यांनी मनापासून ठरवलंय असे काही गृहस्थ हल्ली रात्रीच्या जेवणानंतर खाली पार्किंगमध्ये जातात, गाडीत बसतात, काचा पूर्ण वर करतात, आणि ओठ फुरफुरवत खालच्या पंचमापासून तार गंधारापर्यंत जाऊन येतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला वॉचमन टॉर्च घेऊन काचेवर टकटक करतो आणि विचारतो, "साहेब, वरती वहिनींना बोलावू का?"